नागसेनचा रिलीवर

१

नागसेन मेश्रामनं चौदा महिने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता, आणि खुर्सीपारच्या त्या गल्लीत आता याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. पहिले दोन महिने लोकांनी विचारपूस केली, नंतर उपाय सांगायला सुरुवात केली. शेजारच्या मथुरानं तर तीन बैगे, म्हणजे भूत उतरवणारे मांत्रिक, सुचवले. त्यातला एक म्हणे फोनवरूनही उतारा करायचा. नागसेनच्या आईनं, शेवंताबाईंनी, तिला दारातच अडवलं.

"आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा घेतल्या हायेत, बाई. भूत नाही, परेत नाही, बैगा तर अजिबात नाही. चहा घेत असशीन तर ये."

मथुरानं चहा घेतला आणि बैग्याचा विषय तिथंच मिटला.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं ॲगोराफोबिया. शेवंताबाईंचा एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला, दुसऱ्याला नुसते आकार दिसायचे, आणि कान तर हवं तेवढंच ऐकायचे. त्यांनी 'अघोरी' ऐकलं आणि डॉक्टरवरच उखडल्या. मग सुजातानं, त्यांच्या सुनेनं, शांतपणे समजावलं: आई, हे अघोरी-बिघोरी काही नाही, बाहेर जायची भीती बसली आहे, बस.

भीती बसली ती गेल्या वर्षीच्या एप्रिलमधल्या एका भर दुपारी, सुपेल्याच्या चौकात, सिग्नलवर. छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, आता आपण मरतो असं नागसेनला वाटलं. दवाखान्यात काळीज तपासलं तर ते ठणठणीत. आठ दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी पॉवर हाऊस भागातल्या बाजारात. मग बाजार सुटला, मग चौक सुटला, मग गल्लीचं टोक सुटलं, आणि शेवटी नागसेन पुढच्या खोलीतल्या वायरनं विणलेल्या लोखंडी खुर्चीत येऊन बसला तो बसलाच.

हसू येण्यासारखी गोष्ट होती, आणि लोक हसलेही. एकोणीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन चालवणारा माणूस, चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसून लाल रसानं भरलेली बादली हुकावर झुलवणारा, त्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जाऊन साबण आणता येत नव्हता. नागसेन स्वतःही हसायचा. हसून झालं की खाली बघायचा.

मेडिकल रजा संपत आली होती. पंधरा नोव्हेंबरला हजर झाला नाही तर कागदावर 'अनफिट' असा शिक्का बसणार होता. एकदा तो शिक्का बसला की नागसेन त्या खुर्चीतून कधीच उठणार नाही, हे सुजाताला पक्कं ठाऊक होतं. नोकरी गेली तर पिको-फॉल करून घर चालवलं असतं तिनं. नवरा गेला तर काय चालवणार होती?

२

उपाय तीन होते. डॉक्टरांच्या गोळ्या, त्यांनी थरथर कमी झाली, पण पाय हलले नाहीत. श्वासाचे व्यायाम, चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, तेही तो खुर्चीत बसून मन लावून करायचा. आणि तिसरा उपाय माधवी मॅडमचा. मॅडम रायपूरच्या समुपदेशक, दर गुरुवारी घरी यायच्या. त्यांनी एका कागदावर आठ पायऱ्या लिहून फ्रीजवर चिकटवल्या. पहिली पायरी, उंबरठ्यावर पाच मिनिटं. दुसरी, अंगणाच्या फाटकाला हात लावून परत. तिसरी, किराणा दुकान. असं करत करत आठवी: ड्यूटीवर हजर.

"भीती वाटली तरी थांबायचं, नागसेनभाऊ. ती चढते आणि उतरते. बस, उतरेपर्यंत तिथून हलायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि सुजाताताई, तुम्ही सोबत जायचं नाही. नाहीतर ते तुम्हाला धरून चालतील, पुढे तुमच्याशिवाय चालणार नाहीत."

उंबरठा जमला. फाटकापर्यंतच्या बारा पावलांवर मात्र गाडी तीन आठवडे अडली.

"मले बाहेरची भीती नाही वाटत," एका संध्याकाळी नागसेन म्हणाला. "घर सोडाची वाटते. हुकाले लोड लटकून हाये आन् ऑपरेटर केबिन सोडून खाली उतरला, असं वाटते. मी उठलो का काहीतरी पडन."

"घरात काय लटकून राहिलं, अजी? मी हाये, आई हाये."

"ते समजते मले. पायाले नाही समजत." मग थोडं थांबून तो म्हणाला, "तिकडं बरं असते. रिलीवर येते, पुढच्या पाळीचा. वर चढला का रेलिंगवर दोनदा टकटक करते. आपण म्हणाचं, चार्ज दिला. तो म्हणते, घेतला. 'घेतला' कानावर आलं का मंग उतराचं. नाही आलं तर भोंगा वाजो का काही होवो, बसून राहाचं. डबल ड्यूटी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास सुजाता मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. आत आली तर खुर्ची रिकामी, दार सताड उघडं, आणि नागसेन फाटकाशी उभा. दोन्ही हातांनी गज धरलेले, कपाळावरून घाम निथळतोय, आणि चेहऱ्यावर असं हसू की तिला रडूच फुटलं.

"जमलं ना!" तो परत येऊन म्हणाला. "मजाकच केली मी. उठलो आन् म्हणलं, चार्ज दिला. तू आतून 'घेतला' म्हणालीस, आन् पाय आपोआप निंगाले."

सुजाताच्या हातात अजून कपड्यांचे चिमटे होते.

"मी तर मांगं होती."

"मंग आई म्हणाली असन."

शेवंताबाई पलंगावर भिंतीकडे तोंड करून घोरत होत्या. सुजातानं त्यांच्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या त्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "हो. आईच म्हणाली असन."

३

त्यानंतर गाडी जी सुटली ती थांबेना. रोज दहा वाजता नागसेन खुर्चीतून उठायचा, तिच्याकडे वळून हसत "चार्ज दिला" म्हणायचा, क्षणभर कान देऊन थांबायचा आणि निघायचा. फाटक झालं. किराणा दुकान झालं. पहिल्या दिवशी त्यानं साबणाच्या सहा वड्या आणल्या, काय आणायचं ते विसरल्यामुळं. मोठा रस्ता ओलांडून झाला. मॅडमच्या वहीत भीतीचे आकडे लिहायचे असत, शून्य ते दहा. नवावरून ते सातावर आले, मग चारावर.

तो बाहेर असताना सुजाता पुढच्याच खोलीत मशीन चालवायची. खुर्ची तिच्या पाठीमागं, खिडकीपाशी. मशीन थांबलं की कधीकधी वायरचा आवाज यायचा, कुर्र. माणूस बसल्या जागी अंग हलवतो तेव्हा येतो तसा. पहिले काही दिवस तिच्या ते लक्षातही आलं नाही. चौदा महिने तो आवाज घरात होता, कुणी पाण्याच्या टाकीचा आवाज ऐकतं का? लक्षात आलं तेव्हा तिनं डोकं चालवलं. वजन उठलं की ताणलेल्या वायरी हळूहळू सैल होतात, त्याचा आवाज. स्वतः बसून, उठून पाहिलं. कुर्र झालं, एकदा, दोनदा, आणि मिनिटभरात सगळं शांत. नागसेन जाऊन तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

चाळीस मिनिटांनी सैल होत असतील. जुनी खुर्ची आहे.

एके दिवशी ती स्वयंपाकघरात डाळीला फोडणी देत होती. बाहेरून सासूबाईंचा आवाज आला.

"नागसेन, पंखा कमी कर रे बाप्पा. गार लागून राहिलं."

रेग्युलेटरचं बटण फिरलं. कट्, कट्. पंख्याची घरघर खाली आली. हे आज लवकर आले, असं मनात म्हणत सुजातानं दोन कप चहा टाकला आणि घेऊन बाहेर आली. खोलीत सासूबाई एकट्याच होत्या. दाराशी नागसेनच्या चपला नव्हत्या.

"आई, पंखा कोनं कमी केला?"

"नागसेननं."

"ते तर दुकानात गेले."

"गेला का?" शेवंताबाईंनी खिडकीच्या दिशेनं मान वळवली. "आत्ता तर बसून होता. मले कुठं दिसते वो, पण बसला माणूस समजते ना."

खुर्सीपारचं व्होल्टेज कधी धड असतं? पंखे आपोआप मंदावतात, बल्ब आपोआप मिणमिणतात. सुजातानं स्वतःला हे दोनदा सांगितलं. बटण तीनवर होतं. ते सकाळपासून तीनवरच असेल, पाचवर आहे असं आपल्याला वाटलं असेल. तिनं दोन्ही कप चहा स्वतःच पिऊन टाकला, आणि त्या दिवशी मशीन उचलून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेलं. आता खुर्ची समोर दिसत होती. समोर दिसणारी रिकामी खुर्ची पाठीमागच्या रिकाम्या खुर्चीपेक्षा बरी असेल असं तिला वाटलं होतं. ते तसं नव्हतं.

४

या घरात भूत म्हणायची सोय नव्हती, हीच मोठी अडचण होती. सुजाता लहानपणापासून भूत नाही असं ऐकत, म्हणत आणि मानत वाढलेली. मथुराला सांगावं तर ती दुसऱ्या मिनिटाला बैगा घेऊन उभी राहील. नागसेनला सांगणं तर शक्यच नव्हतं. राहिल्या माधवी मॅडम.

गुरुवारी मॅडम आल्या तेव्हा नागसेन पॉवर हाऊसच्या बाजारात एकटा जाऊन वांगी घेऊन आला होता. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. निघताना मनात काय म्हणता, असं त्यांनी विचारलं आणि नागसेननं लाजत रिलीवरची गोष्ट सांगितली. मॅडम हसल्या, पण पेन थांबलं.

"ही कुबडी आहे, नागसेनभाऊ. सुरुवातीला चालते. पण बरं व्हायचं तर ती टाकावी लागेल. उद्यापासून काही म्हणायचं नाही, नुसतं निघायचं. जमेल?"

"जमन," नागसेन म्हणाला, आणि सुजाताच्या छातीवरचं ओझं उतरलं.

मॅडमना सोडायला ती फाटकापर्यंत गेली. तिथं, गज धरून, तिनं सगळं सांगितलं. खुर्चीचा आवाज, पंखा, सासूबाईंचं बोलणं. मॅडम घाईघाईनं हसल्या नाहीत, हे तिला बरं वाटलं.

"चौदा महिने तुम्ही त्या खुर्चीकडे कान लावून बसलात, ताई. रात्री तीनदा उठून बघत होतात, तुम्हीच सांगितलंत. कानाला सवय होते. माणूस हलला तरी कान तिथेच राहतो. तुमचीही झोप पुरी व्हायला पाहिजे आता, बिलकुल."

किती सरळ गोष्ट होती. सुजाताला स्वतःचं हसू आलं. ती आत आली, पिकोला आलेल्या साड्यांची चळत उचलली आणि मुद्दाम त्या खुर्चीत ठेवली. जागा अडली, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी नागसेन काही न बोलता निघाला. दारात जरासा अडखळला, मग मान हलवून गेला. सुजाता स्वयंपाकघरात शिरली, भाकरी टाकल्या, अर्ध्या तासानं बाहेर आली. साड्या जमिनीवर होत्या. पडलेल्या नव्हत्या. एकावर एक, काठाला काठ लावून, भिंतीशी ठेवलेल्या होत्या. चळत हलवायची म्हणजे पलंगावरून उतरून खोलीभर चाचपडत जायला हवं, आणि शेवंताबाई धरल्याशिवाय मोरीपर्यंतही जात नसत.

"आई, तुमी उठल्या होत्या?"

"मी काहाले उठू? नागसेनले म्हटलं, पाणी दे, तर उठला नाही तो. बसूनच राहिला. बिमार हाये का वो तो? लय लांब श्वास घेऊन राहिला."

सुजातानं त्या रात्री मॅडमच्या सांगण्यावर खूप विचार केला. कान तिथेच राहतो, हे खरं असेल. पण सासूबाईंचा कान, आणि आपला कान, आणि साड्या?

५

एक गोष्ट तिला उशिरा दिसली.

नागसेन आता त्या खुर्चीत बसत नव्हता. बाहेरून आला की चपला काढायचा, पलंगाच्या कडेला टेकायचा, पाहुणा बसतो तसा, आणि चहा मागायचा. गप्पा मारायचा. सिलेंडर संपलाय, आईचे डोळ्यांचे थेंब संपलेत, छताला ओल आलीय, असं काही सांगितलं की "हो का?" म्हणायचा आणि विसरून जायचा. चौदा महिने हाच माणूस रात्री चारदा गॅसचा कॉक बघत होता. बरा झाला म्हणजे असाच होणार, असं तिनं धरलं होतं.

"अजी," ती चहा देताना म्हणाली, "तुमी त्या खुर्चीत कावून नाही बसत?"

"कोणत्या?" त्यानं खिडकीकडे पाहिलं, पण नजर खुर्चीवरून घसरून पुढं गेली. "असंच. आता माहा काय संबंध तिथं?"

आणि मग ते तिच्या डोक्यात आलं. महिनाभर रोज त्यानं चार्ज दिला होता. परत येऊन घेतला कधी होता? आल्या आल्या चहा, आणि गप्पा. ज्यानं कुणी 'घेतला' म्हटलं होतं, त्याच्याकडून तो कुणीच परत घेतला नव्हता. प्लांटमध्ये असं एक दिवससुद्धा चाललं नसतं.

तिनं त्याला हे सांगितलं, मस्करीच्या सुरात, पदराशी चाळा करत. "एकदा म्हणून टाका ना. खुर्चीपुढं उभं राहून. चार्ज घेतला."

"मॅडम नाही म्हणाली हे सारं बोलाले."

"एकदाच. माह्यासाठी."

नागसेन हसत उठला. बायकोचा हट्ट म्हणून उठला. खुर्चीसमोर जाऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि "चार्ज" एवढंच बाहेर पडलं. त्याचा चेहरा पांढरा पडला. उजवा हात छातीवर गेला. बोटं आखडली. खुर्चीच्या वायरी हळूच कुरकुरल्या, कुणी उठायची तयारी करावी तशा. सुपेल्याच्या चौकातला तोच नागसेन, तोच घाम, डोळ्यांत तेच मरण.

पंधरा तारखेला चार दिवस उरले होते.

"राहू द्या," सुजाता ओरडली. तिनं त्याला दोन्ही हातांनी मागं ओढलं. "नका म्हणू. काही नका म्हणू. इकडं बसा."

दोन मिनिटांत तो पुन्हा ठीक झाला. पाणी प्यायला, हसला, काय झालं तेच त्याला नीट सांगता येईना. वहीत त्यानं त्या दिवसाचा आकडा दोन लिहिला. सुजातानं तो खोडला नाही. आपण काय केलं आहे हे तिला नीट कळत होतं. ते जे तिथं बसलं होतं त्याला तिनं स्वतःच्या तोंडानं राहू द्या म्हटलं होतं.

६

पंधरा नोव्हेंबरला फर्स्ट शिफ्ट होती, सहा ते दोन. नागसेननं सेफ्टी शूज घातले, हेल्मेट स्कूटरच्या हुकाला अडकवलं, आईच्या पायाला हात लावला. सुजाता फाटकाशी उभी होती. स्कूटर गल्लीच्या टोकाला वळली आणि त्यानं मागं न बघता हात हलवला. इतक्या महिन्यांनी. तिला इतका आनंद झाला की थोडा वेळ तिला घरात काय आहे याचा विसरच पडला.

मग ती आत आली.

तिनं सकाळ स्वयंपाकघरात काढली. डबे घासले, जे घासायचे नव्हते तेही घासले. मधल्या दाराला पडदा होता, तो ओढून घेतला. पलीकडून सासूबाईंचं बोलणं येत होतं, तुकड्या तुकड्यानं. धान कसं झालं यंदा, तुह्या बापाले किती हौस होती, असलं काहीतरी. उत्तर येत नव्हतं. मध्ये मध्ये नुसता श्वास, चार मोजत घेतलेला, सहा मोजत सोडलेला.

पावणेदोनला ती वाटी उचलायला वाकली आणि पडद्याखालून तिला दोन टाचा दिसल्या. खुर्चीच्या पायांपुढं, जमिनीवर दाबून टेकलेल्या, ओझं पेलताना टेकतात तशा. भेगाळलेल्या, राखेच्या रंगाच्या. नागसेनच्याच वाटल्या असत्या, पण नागसेनच्या पायांत बूट होते आणि तो दोन कोसांवर होता. तिनं वाटी खाली ठेवली. पडदा वर करून बघायचं नाही, हे तिनं ठरवलं नाही, तिच्यानं ते झालंच नाही.

दोनचा भोंगा झाला. लांबून, नेहमीसारखा.

वायरी एकदम सुटल्या. टाचा उठल्या, फरशीवरून दाराकडे गेल्या, थकलेल्या माणसाच्या चालीनं, एक पाय जरा ओढत. दाराशी थांबल्या. त्या थांबण्यात एवढी आतुरता होती की सुजाताची भीती तेवढ्यापुरती बाजूला सरली आणि तिला चक्क दया आली. शिफ्ट संपली होती त्याची. तो वाट बघत होता. पाऊण तासानं नागसेन दारात येईल, आणि हा त्यालाच चार्ज देईल, दुसरा कुणाला देणार? नागसेन घेईल, किंवा घेता घेता त्याचं काळीज थांबेल. आजच्याच दिवशी.

फोन वाजला. ती दचकली, पण आवाज नागसेनचा होता, मागं प्लांटचा धडधडाट.

"सुजाता! माहा रिलीवर नाही आला. फोरमन म्हणे तुमी जा, पहिला दिवस हाये तुमचा. मी म्हटलं, नाही, मी डबल करतो. मीच म्हटलं, समजलं का? रात्री दहाले येतो. काही वाटलं नाही मले, काहीच नाही. चौकातून गेलो, तुले सांगतो, सिग्नलवर थांबलो..." तो घाईघाईनं पुढं म्हणाला, "तू आईजवळ बस. जेऊन घ्या."

"करा," ती म्हणाली. "अजी, आरामानं करा. घाई नका करू."

फोन ठेवला तेव्हा पडद्यापलीकडे सगळं स्तब्ध होतं. दाराशी थांबलेल्यानं ऐकलं होतं. आणखी आठ तास. पावलं दारापासून वळली. खुर्चीकडे गेली नाहीत. खोली ओलांडून मधल्या दाराशी आली, पडद्यापर्यंत, आणि चौकटीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजलं. टक, टक.

"चार्ज दिला."

आवाज नागसेनचाच होता. खुर्चीतल्या चौदा महिन्यांतला, दिवसाकाठी चार शब्द बोलणारा, घशात धूळ बसल्यासारखा. पडदा आत फुगला नाही, बाहेर फुगला नाही. सुजातानं तळवा तोंडावर दाबून धरला. तिला एवढंच दिसत होतं की चार्ज कुणी घेतल्याशिवाय हा आता इथून हलणार नाही. आज ना उद्या नागसेन समोर येईल आणि हा त्यालाही हेच म्हणेल. ती आणि पडदा, मध्ये एक हात अंतर. डाळीचा कुकर शिट्टी न देता नुसता फुसफुसत होता.

"चार्ज दिला," पुन्हा आलं, हळू, जवळजवळ विनवणीनं.

पलंगावरून शेवंताबाई कुरकुरल्या. "अवो सुजाता, घेतला म्हण ना त्याले. किती वेळचा उभा हाये बिचारा."

सुजातानं तोंडावरचा हात काढला.